अर्धा मिलिमीटर कुणी सोसायचा? मंडईच्या अष्टकोनाचं प्रकरण

काम होतं पुण्याच्या महात्मा फुले मंडईचं लेगो ब्रिकमधलं मॉडेल, घरच्या गणपतीच्या देखाव्यासाठी. करणारी माझी भाची, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. आधी सगळं डिझाइन संगणकावर, स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये, मग त्यावरून यादी काढून सुटे भाग मागवायचे, असा बेत. मी या खेळातला नाही. भोसरीत टूलरूममध्ये प्लास्टिकचे साचे करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून काय बसतं आणि काय बसत नाही हे मामाला कळत असेल, असं तिच्या आईचं म्हणणं.

१८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडलेल्या या इमारतीचा जीव तिच्या मधल्या अष्टकोनात आहे. बाजूचे बाहू थोडे लहान-मोठे झाले, छपराचा उतार चुकला, तरी कुणी बोलणार नाही. अष्टकोन मात्र अष्टकोनच हवा. गणपतीला येणारे निम्मे लोक बाजीराव रस्त्यावरून किंवा तुळशीबागेतून आलेले असतात. आरतीच्या आधी मॉडेलमधल्या चुका काढायला त्यांना भरपूर वेळ असतो.

अडचण तिथेच होती. ब्रिकचं जग चौकटीचं आहे आणि अष्टकोनाच्या आठपैकी चार भिंती तिरप्या.

फाइलमध्ये काय होतं

आधी मापं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. स्टड म्हणजे ब्रिकच्या डोक्यावरचं गोल बोंड. दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८ मिमी, आणि लांबी मोजताना ‘एक स्टड’ म्हणजे हेच अंतर. ब्रिकची उंची ९.६, प्लेटची, म्हणजे पातळ ब्रिकची, ३.२. स्टडचा व्यास ४.८. संगणकावर यासाठी वेगळं एकक वापरतात, एलडीयू. जेम्स जेसिमन याने १९९५ साली एलड्रॉ ही प्रणाली केली तेव्हापासूनचं ते आहे, आणि स्टुडिओच्या पोटातही तेच चालतं. दोन स्टडमध्ये २० एलडीयू, ब्रिक २४ उंच, प्लेट ८. म्हणजे एक एलडीयू साधारण ०.४ मिमी. ज्याने हे आकडे ठरवले त्याचं मला कौतुक वाटतं. उंची-रुंदीचं सगळं गणित पूर्णांकात बसतं: पाच प्लेट आडव्या केल्या की ४० एलडीयू, बरोबर दोन स्टड.

भाचीचा अष्टकोन असा: सरळ भिंतीच्या दोन टोकांच्या स्टडमध्ये सात स्टडचं अंतर, आणि कोपरा कापताना पाच आडवे, पाच उभे. पाच अधिक सात अधिक पाच, एकूण सतरा. बत्तीस बाय बत्तीसच्या बेसप्लेटवर नीट मावतो, बाहू काढायला चहूबाजूंनी जागा उरते. तिरप्या भिंतीसाठी तिने आठ स्टड लांबीची पट्टी घेतली होती. तिचा पहिला आणि शेवटचा स्टड सातच्या अंतरावर, आणि दोन्ही टोकं कोपऱ्यातल्या गोल खांबांच्या बुडाशी अडकवलेली.

आता पाच-पाचच्या चौकोनाचा कर्ण सात नसतो, ७.०७१ असतो. फरक ०.०७१ स्टड, १.४२ एलडीयू, ०.५७ मिमी.

पडद्यावर हा फरक दिसला तेव्हा तिने बहुतेक सगळे करतात तेच केलं. तिरपे भाग बसवताना सॉफ्टवेअर सारखं अडवतं म्हणून कोलिजन तपासणी, म्हणजे भाग एकमेकांत शिरतात का ते बघणारी, बंद केली, आणि चार खांब पट्टीच्या टोकापर्यंत सरकवून घेतले. फट गेली. रेंडर, म्हणजे मॉडेलचं तयार चित्र, सुंदर आला, तो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला, ताईने त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकलं. भागांची यादी तयार होती.

मला फाइल दाखवली तेव्हा मी चित्र बघितलंच नाही. तिला ती एलड्रॉच्या साध्या मजकुराच्या रूपात काढायला सांगितली. त्यात प्रत्येक भागाची एक ओळ असते: रंग, तीन सहनिर्देशक, मग फिरवल्याचे नऊ आकडे आणि शेवटी भागाचं नाव. सरळ बसलेल्या भागांचे सहनिर्देशक पूर्णांकात येतात. तिरप्या भागांत ०.७०७१०७ दिसणारच, ते ठीक. पण जो भाग फिरवलेलाच नाही आणि तरी ज्याच्या जागेत दशांश आहेत, तो कुठल्याही स्टडवर बसलेला नाही. चार खांबांच्या ओळींत ९८.९९५ होतं. सात स्टड म्हणजे १४० एलडीयू; ते ४५ अंशांत वळवले की दोन्ही अक्षांवर ९८.९९५ भरतात. हवे होते १००.

“खांब हवेत आहेत तुझे,” मी म्हटलं.

“मामा, एक एलडीयू आहे फक्त. अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही.”

आकडा तिचा बरोबर होता. एका अक्षावर ०.४ मिमी. प्रश्न आकड्याचा नव्हता.

तीन वेगवेगळे दोष, एकाच रंगात

पडद्यावर कुठलाही न जुळणारा भाग सारखाच दिसतो, म्हणून पहिलं काम त्यांची जात ओळखण्याचं. या फाइलमध्ये तीन जाती होत्या.

पहिली म्हणजे नुसता भास. आमच्या टूलरूममध्ये ड्रॉइंगवरचं नाममात्र माप आणि प्रत्यक्ष तुकड्याचं माप यांत भेद करायला पहिल्या महिन्यात शिकवतात. एलड्रॉमधला ब्रिक नाममात्र मापाचा आहे: दोन बाय चारचा ब्रिक तिथे १६ बाय ३२ मिमी. हातातला ब्रिक १५.८ बाय ३१.८ असतो. प्रत्येक बाजूने ०.१ मिमी कमी ठेवलेला, नाहीतर शेजारी-शेजारी लावताना ब्रिक एकमेकांना ढकलू लागतील. त्यामुळे दोन ब्रिकच्या उभ्या बाजू पडद्यावर अर्ध्या एलडीयूपर्यंत एकमेकींत शिरलेल्या दिसल्या, तर प्रत्यक्षात त्या फार तर टेकतात. छपराच्या कडांना तिने असे काही भाग काळजीने दुरुस्त केले होते. ती दुरुस्ती गरजेची नव्हती. मात्र ही सूट आडव्या दिशेलाच आहे. उंचीत ९.६ म्हणजे ९.६, तिथे थरावर थर घट्ट बसायचा असतो, म्हणून उभ्या दिशेची घुसखोरी कितीही बारीक असली तरी खरी धरायची.

यातून एक गोष्ट निघते जी तिला पटायला वेळ लागला: पडद्यावर फट खऱ्यापेक्षा कमी दिसते, आणि घुसखोरी खऱ्यापेक्षा जास्त. दोन्हीकडे चूक होते आणि उलट्या दिशांना होते.

दुसरी जात म्हणजे तो ०.५७ चा फरक. त्याच्याकडे येतोच.

तिसरी तिच्या लक्षातच आली नव्हती, कारण कोलिजन बंद होतं आणि ती जागा खांबाखाली झाकलेली होती. एक स्टड रुंदीची पट्टी ४५ अंशांत फिरवली की तिच्या टोकाचा चौकोनी कोपरा खांबाच्या मध्यापासून अर्ध्या स्टडवर न राहता ०.७०७ स्टडवर जातो, आणि नेमका सरळ भिंतीच्या दिशेने. सरळ भिंत सुरू होते अर्ध्या स्टडवर. म्हणजे ०.२०७ स्टड, १.६६ मिमी, प्लास्टिक प्लास्टिकमध्ये. हा दोष कुठल्याही ढिलाईत जिरत नाही. अष्टकोनाच्या आठही कोपऱ्यांत तो होता.

म्हणजे ज्याची लाज वाटून खांब सरकवले तो दोष लहान, आणि खरा अडथळा तसाच खाली बसून.

०.५७ मिमी: कुणी सोसायचा?

सात स्टडच्या पट्टीला दोन्ही टोकांना अडकवून ०.५७ मिमी ताणायचं म्हणजे ५६ मिमीवर एक टक्का. एबीएससारख्या प्लास्टिकला एक टक्का ताण थोडा नाही. ब्रिक लगेच तुटणार नाही, पण कायम ताणात राहिला की हळूहळू ढिला पडतो, आणि एखाद्या उकाड्याच्या दुपारी टोक स्टडवरून वर येतं. लेगोचे डिझायनर अशा जोडणीला नियमबाह्य म्हणतात. भाग बसतो की नाही एवढंच ते बघत नाहीत, बसल्यावर आरामात आहे का तेही बघतात. जेमी बेरार्ड यांनी २००६ साली याच विषयावर केलेलं सादरीकरण या छंदातले लोक अजून एकमेकांना दाखवतात.

हे सगळं तिला सांगण्यापेक्षा जुन्या डब्यातली एक आठची पट्टी आणि दोन गोल प्लेट काढल्या. एक टोक टक् करून बसलं. दुसरं स्टडच्या कडेवर चढून राहिलं. बोटाने दाबलं तर बसलं, आणि सोडल्यावर पहिलं टोक उचललं गेलं. ती बराच वेळ एकदा हे आणि एकदा ते टोक दाबत राहिली.

मग पर्याय. पहिला विचार तिचाच होता: लांबी बदलत नसेल तर कोन बदलू. तीन-चार-पाचचा त्रिकोण चौकटीवर तंतोतंत बसतो, पाच-बारा-तेराचाही. पण तसा केला तर कोन ४५ राहत नाही आणि अष्टकोन एका बाजूला पिळल्यासारखा होतो. नाही म्हटलं. मंडई पिळलेली चालणार नाही.

दुसरा: आकार बदलू. वर्गमूळ दोनला पूर्णांकांच्या अपूर्णांकाने गाठायचं आहे, तर सात पंचमांशापेक्षा चांगला अपूर्णांक घ्यावा. सतरा द्वादशांश. बारा-बारावर कर्ण १६.९७१ येतो, आपल्याकडे १७, पट्टी ०.२४ मिमीने लांब, तेही १३६ मिमीवर. हा तोच अपूर्णांक जो बौधायनाच्या शुल्बसूत्रातल्या रीतीत वाटेत लागतो: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक त्याचा चतुर्थांश. पुढे तो या शेवटच्या तुकड्याचा चौतिसावा भाग वजा करतो, पण त्याला वेदी बांधायची होती, आम्हाला दिवाणखान्यात मांडायचं होतं. वेदीइतकीच अडचण इथेही जागेची. या मापाचा अष्टकोन एक्केचाळीस स्टड रुंद, म्हणजे जवळपास ३३ सेंटिमीटर, नुसता मधला भाग. बेसप्लेटच्या बाहेर, आणि भागांचा खर्च दुपटीहून वर. गणित सुंदर, पण रद्द.

तिसरा, जो घेतला, तो काही जोडण्याऐवजी सोडण्याचा होता. तिरपी भिंत दोन टोकांना धरायचीच का? तिला मध्यावर धरा आणि टोकं मोकळी ठेवा.

मध्यबिंदू कुठे येतो? पाच-पाचच्या निम्म्यावर: अडीच आडवे, अडीच उभे. दोन्ही दिशांना अर्ध्या स्टडवर. आणि दोन बाय दोनची जंपर प्लेट, जिच्यावर मधोमध एकच स्टड असतो, ती हीच जागा देते. हे जमलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. अशा गोष्टी ठरवून जमत नाहीत. आता त्या एकट्या स्टडवर भिंतीचा मध्य बसवायचा. त्यासाठी भिंतीचं बूड दोन बाय सहाच्या प्लेटचं केलं. दोन रुंदीच्या प्लेटच्या पोटात नळ्या असतात. दोन बाय सहामध्ये पाच, आणि मधली नळी नेमकी मध्यावर. नळीच्या आत स्टड घट्ट बसतो. प्लेट ४५ अंशांत फिरवली, बसली. आजूबाजूच्या जमिनीवर टाइल, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेट, लावल्या. टाइल आणि जंपर एकाच उंचीच्या, त्यामुळे बूड सपाट टेकतं. भिंतीच्या डोक्यावर पुन्हा मध्यावर जंपर, बाकी टाइल. वरच्या झाकणाच्या प्लेटमधली नळी त्या जंपरवर येते. झाकणही चौकटीवरच राहतं, खांबही आपापल्या स्टडवर परत गेले.

भिंत आता सहा स्टडची झाली आणि खांबांच्या मध्ये उभी राहिली. तिचं टोक खांबाच्या बुडाशी जातच नाही. त्यामुळे ती १.६६ ची कोपऱ्याची टक्कर आपोआप मिटली. दोन रुंदीच्या प्लेटचा आतला कोपरा सरळ भिंतीला लागेल का, हे वेगळं तपासलं, लागत नाही. आणि मग कोलिजन पुन्हा सुरू केलं. या तळमजल्यावर एकही तक्रार नाही.

“पण मामा, भिंत फिरेल की. एकाच स्टडवर आहे.”

फिरू शकते, हे खरं. वर एक आणि खाली एक अशा दोन पकडींचं घर्षण तिला धरून ठेवतं. लहान मुलाच्या हातात द्यायचं खेळणं असतं तर मी आतून अटकाव करायला लावला असता. दहा दिवसांच्या देखाव्याला एवढं पुरतं, हा माझा निर्णय, आणि तिला तो फारसा आवडला नाही.

मग फट गेली कुठे?

कुठेच गेली नाही. आधी एका टोकाला ०.५७ होती, आता भिंतीच्या दोन्ही टोकांना पडद्यावर ०.२८ दिसते. हातात ती त्याहून मोठी. व्हर्नियर लावला तर दोन बाय सहाची प्लेट ४८ ऐवजी ४७.८, आणि गोल ब्रिकचा व्यासही पूर्ण ८ भरत नाही. सगळं धरून प्रत्येक टोकाला जवळपास अर्धा मिलिमीटर. मघाशी म्हटलं ते हेच: पडद्यावर फट कमी दिसते.

अर्धा मिलिमीटर दिवसा गोल खांबाच्या सावलीत हरवतो. पण देखाव्यात आतून दिवे असतात. तिने बॅटरीची एलईडी माळ आत सोडली, खोलीतला दिवा बंद केला, आणि प्रत्येक खांबाशेजारी एक उभी उजेडाची रेघ उमटली. तिला वाटलं, सगळं फुकट गेलं.

मी मोजायला सांगितलं. चार तिरप्या भिंती, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे आठ रेघा. आणि कोपरेही आठ. प्रत्येक कोपऱ्यात एक आणि एकच. फट एका टोकाला ढकललेली असती तर चार कोपऱ्यांत दुप्पट जाड रेघ आणि चार कोरडे, आणि तो दोष म्हणूनच दिसला असता. सगळीकडे सारखी असल्यावर तिच्या बाबांनी विचारलं, “हे मुद्दाम केलंस का गं?” तिने हो म्हणून टाकलं.

या कामात मी तिच्या फाइलवर दोन अटी घातल्या. पहिली, कुठलाही भाग डोळ्यांना बरं दिसावं म्हणून सरकवायचा नाही. फट असेल तर फाइलमध्येही फट दिसली पाहिजे, कारण बांधताना ती असणारच आहे. दुसरी, प्रत्येक तिरप्या भिंतीच्या गटाला नाव द्यायचं आणि त्या नावात लिहायचं की ती कुठे धरली आहे आणि किती मोकळी आहे: “तिरपी ईशान्य, मध्यावर, दोन्ही टोकं ०.२८ मोकळी.” ती म्हणाली, इतकं कोण वाचणार. दोन महिन्यांनी तीच वाचणार होती.

वरचा मजला

मनोऱ्याच्या वरच्या, लहान अष्टकोनाला हीच युक्ती लावायला ती लगेच निघाली, आणि तिथे ती लागत नाही. वरच्या अष्टकोनाची रुंदी बारा स्टड: पाच सरळ, आणि दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन, जंपर लावून. कर्ण ४.९५ येतो, हवा ५. इथे जागा कमी आहे, भिंत जास्त. आणि साडेतीनचा मध्य पावणेदोनवर येतो, जिथे कुठलाही जंपर स्टड देत नाही.

पडद्यावर दोन खांबांमध्ये चार स्टडची भिंत ०.४ मिमीने आत घुसलेली दिसते. कोलिजन तिला लाल ठरवतं. पण इथे आडव्या दिशेची सूट मोजा: भिंत ०.२ ने आखूड, दोन्ही खांब प्रत्येकी थोडे बारीक. हातात घेतल्यावर भिंत दोन खांबांमध्ये बोटाच्या दाबाने सरकते आणि टेकून राहते. ताण नाही, फटही नाही. तिला खालून किंवा वरून कुठेच धरलेलं नाही. ती झाकणाखाली नुसती उभी आहे.

भाचीला हे नको होतं. तिचं म्हणणं असं की ज्या भिंतीला एकही स्टड लागत नाही ती बांधलेली नाही, ठेवलेली आहे, आणि स्टुडिओची तपासणीही तिला सुटा भाग म्हणते. माझं म्हणणं, ती चारही बाजूंनी बंदिस्त आहे आणि कुठेही दुखत नाही. शेवटी तिने वरच्या चारपैकी एका भिंतीच्या आतल्या बाजूला, सरळ भिंतीतून आलेली एक टाइल आडवी टेकवली, म्हणजे ती भिंत आत ढासळू नये. बाकीच्या तिन्हींसाठी पुरेशा टाइल नव्हत्या, त्या मागवलेल्या भागांबरोबर यायच्या आहेत. तोवर वरच्या मजल्याच्या गटाचं नाव फाइलमध्ये असं आहे: “तिरप्या चार, सुट्या, पडद्यावर ०.४ आत, हातात टेकतात. मामा म्हणतात चालेल.”